उत्तर केव्हा दाखवावे?



आज ज्या गोष्टीविषयी बोलायचे आहे ती दिसायला अगदी लहान आहे. मोबाइलवर मुलांची चाचणी तयार करताना गुरुजींना एक गोष्ट ठरवावी लागते. मुलाने चाचणी सोडवून पाठवली, की बरोबर उत्तरे त्याला ताबडतोब दिसावीत, काही काळाने दिसावीत, की दिसूच नयेत? एवढाच तो प्रश्न. एकदा बोट दाबले की काम झाले. पुष्कळ जण तर तिकडे पाहतही नाहीत. जे आधीपासून ठेवलेले असेल ते तसेच राहू देतात. पण या एका बोटाच्या कामावर वर्गातल्या मुलांचे शिकणे अवलंबून आहे, आणि त्यांच्यातला न्यायही.

कसे ते पाहू या. समजा, एका गावी सातवीच्या वर्गात पस्तीस मुले आहेत. बाईंनी शनिवारी रात्री आठ ते दहा या वेळात विज्ञानाची वीस प्रश्नांची चाचणी ठेवली. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय. ज्यांच्या घरी मोबाइल मोकळा असतो अशी पाच-सहा मुले आठाच्या ठोक्याला बसली आणि सव्वाआठला रिकामी झाली. चाचणी पाठवल्याबरोबर वीसही उत्तरे त्यांच्यापुढे आली. त्यांतल्या एकाने पडद्याचा फोटो घेतला आणि मित्रांच्या गटावर टाकून दिला. आता बाकीची मुले पाहा. कुणाचे वडील डेअरीवर दूध घालून साडेआठला घरी येतात आणि मोबाइल त्यांच्याच खिशात. कुणाच्या घरचा फोन चार्जिंगला लावलेला. कुणाकडे रेंज नाही, म्हणून ते पोर माळवदावर चढून बसलेले. या मुलांची चाचणी सुरू व्हायच्या आतच उत्तरे गावभर झाली. दहा वाजता बाई पाहतात, तर पस्तीसपैकी अठ्ठावीस जणांना वीसपैकी वीस!

बाईंना वाटले, धडा सर्वांना समजला. सोमवारी त्यांनी पुढचा धडा काढला. झालं! येथे तोटा कुणाचा झाला ते मोजा. ज्यांनी उत्तरे उतरवली ती मुले शिकली नाहीत, हा पहिला तोटा. आठ वाजता प्रामाणिकपणे बसून ज्याने वीसपैकी चौदा गुण मिळवले तो मुलगा यादीत सर्वांच्या खाली गेला आणि घरी त्याला बोलणी बसली, हा दुसरा. आणि तिसरा तोटा बाईंचा. वर्गाला काय येत नाही हे कळावे म्हणून त्यांनी चाचणी घेतली होती, आणि नेमके तेच त्यांना कळले नाही. वजनकाट्याच्या पारड्याखाली कुणी बोट लावले तर काटा काहीतरी दाखवतोच. पण ते धान्याचे वजन नसते.

यावर कुणी म्हणेल, मग उपाय सोपा आहे. उत्तरे दाखवूच नका. मुलाला फक्त गुण सांगा, की प्रश्न मिटला. बऱ्याच ठिकाणी आता असेच चालते. पण श्रोतेहो, हा उपाय रोगापेक्षा बरा नाही. वीसपैकी चौदा एवढाच आकडा हाती पडलेल्या मुलाला आपले सहा प्रश्न कुठे चुकले हे कळत नाही. तो चुकलेलेच बरोबर धरून पुढे जातो. चार पर्यायांच्या प्रश्नात याहून मोठा धोका आहे. मुलगा चारही पर्याय वाचतो. त्यांतले तीन खोटे असतात, पण खऱ्यासारखे दिसावेत अशाच बेताने लिहिलेले असतात. त्यांतला एखादा त्याने निवडला आणि पुढे कुणी दुरुस्त केले नाही, तर तो खोटा पर्यायच त्याच्या डोक्यात खरा होऊन बसतो. अमेरिकेतल्या रोडिगर आणि मार्श या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००५ साली प्रयोग करून हे दाखवून दिले. बहुपर्यायी चाचणी दिल्याने मुलांची आठवण एकंदरीत सुधारली. पण ज्या खोट्या पर्यायांवर त्यांनी बोट ठेवले होते, त्यांतले काही नंतरच्या परीक्षेत खरी उत्तरे म्हणून उतरले. म्हणजे उत्तर न सांगणे हेसुद्धा काही वेळा चुकीचे शिकवणेच ठरते.

तेव्हा उत्तर दाखवावे की नाही हा वादच नाही. ते दाखवलेच पाहिजे. प्रश्न आहे तो केव्हा दाखवावे हा.

हा प्रश्न मोबाइलबरोबर जन्माला आला असे समजू नका. त्याला आता शंभर वर्षे होत आली. अमेरिकेत ओहायो राज्याच्या विद्यापीठात सिडनी प्रेसी नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी एक छोटेसे यंत्र तयार केले आणि १९२६ साली त्याची माहिती छापून प्रसिद्ध केली. यंत्राच्या खिडकीत एक प्रश्न आणि त्याचे चार पर्याय दिसत. खाली चार कळी होत्या. विद्यार्थ्याने एक कळ दाबली की पुढचा प्रश्न येई आणि बरोबर उत्तरांची मोजणी आत आपोआप होई. ही झाली परीक्षा. पण यंत्राच्या पाठीमागे एक खटका होता. तो फिरवला की यंत्राचा स्वभावच बदले. आता बरोबर कळ दाबल्याशिवाय पुढचा प्रश्न येतच नसे. चुकीची कळ दाबली तर तोच प्रश्न समोर उभा. म्हणजे मुलाला त्याच क्षणी कळे की आपले चुकले, पुन्हा विचार करा. हे झाले शिकवणे. यंत्र तेच, प्रश्न तेच. खटका एका बाजूला असला की परीक्षक, दुसऱ्या बाजूला असला की गुरुजी!

मोबाइलवरच्या चाचणीत आपण जेथे बोट ठेवतो तो हाच खटका आहे, बरं का. आणि म्हणून चाचणी तयार करताना शिक्षकाने स्वतःला पहिला प्रश्न विचारावा तो हा, की मी आज मापायला बसलो आहे की शिकवायला? दोन्ही कामे चांगली आहेत, पण एकाच वेळी एकाच चाचणीतून दोन्ही होत नाहीत.

आधी शिकवण्याच्या चाचणीचे पाहू. सराव म्हणा, स्वाध्याय म्हणा. कोरोनाच्या काळात, २०२० साली शाळा बंद असताना, महाराष्ट्रात व्हॉट्सअॅपवरून 'स्वाध्याय' नावाची साप्ताहिक प्रश्नावली सुरू झाली होती, ती अनेकांना आठवत असेल. अशा सरावात गुणांना महत्त्व नसते. तेथे उत्तर लवकर दिसावे हेच बरे; पण मुलाने स्वतः प्रयत्न केल्यावर, त्याआधी नव्हे. एवढी एक अट पक्की धरा. कारण शिकणे होते ते त्या प्रयत्नात. याविषयीचा एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. अमेरिकेतच सेंट लुईस शहरी रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींना तो पुन्हा वाचायला सांगितला. काहींना पुस्तक मिटून आठवेल तेवढे लिहायला सांगितले. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे थोडे पुढे होते. पण आठवड्यानंतर विचारले, तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना उताऱ्यातले सुमारे ४२ टक्के आठवले आणि मिटल्या पुस्तकाने आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. हा प्रयोग २००६ साली प्रसिद्ध झाला. गंमत अशी, की या आठवून लिहिणाऱ्यांना मध्ये कुणी उत्तरेही सांगितली नव्हती. नुसत्या आठवण्याच्या कष्टाचे हे फळ.

म्हणून मुलगा प्रश्न वाचतो न वाचतो तोच उत्तर पुढे आले, तर त्या कष्टाला जागाच राहत नाही. उत्तर पाहून तो म्हणतो, 'हे तर मला येत होते.' येत नव्हते; आत्ता दिसले म्हणून ओळखीचे वाटले. ओळख पटणे निराळे आणि स्वतःहून आठवणे निराळे. बाजारात माणूस दिसला की चेहरा ओळखीचा वाटतो, पण नाव काही केल्या ओठांवर येत नाही, तसलाच हा प्रकार.

बरे, प्रयत्न झाल्यावर तरी उत्तर लगेच द्यावे की दुसऱ्या दिवशी? विद्वानांनी यावर पुष्कळ खल केला आहे. कुलिक आणि कुलिक या दोघांनी १९८८ साली तोपर्यंतचे अनेक प्रयोग एकत्र करून पाहिले. त्यांना आढळले, की खऱ्याखुऱ्या वर्गात घेतलेल्या चाचण्यांत लगेच उत्तर दिलेले बहुधा बरे ठरते, तर प्रयोगशाळेतल्या पाठांतराच्या काही प्रयोगांत थोडे थांबून दिलेले बरे ठरते. यातून आपल्यापुरता व्यवहार असा धरता येईल. मूल नवी रीत शिकत असेल, म्हणजे हातच्याची वजाबाकी, अपूर्णांक, दशांश चिन्ह असे काही असेल, तर चूक तिथल्या तिथे दाखवा. नाहीतर पहिल्या उदाहरणातली चूक दहाही उदाहरणांत गिरवली जाते आणि मग ती खोडणे कठीण. पण वाचून झालेला इतिहासाचा किंवा विज्ञानाचा धडा असेल, तर दुसऱ्या दिवशी उत्तरे दिली तरी बिघडत नाही. उलट त्या निमित्ताने धड्याची पुन्हा एकदा उजळणी होते. मात्र दुसऱ्या दिवशी देतो म्हणून सांगितले, तर दुसऱ्या दिवशी दिलीच पाहिजेत, आणि मुलांनी ती पाहिलीच पाहिजेत. कुणी न पाहिलेले उत्तर हे न दिलेल्या उत्तरासारखेच.

सरावाच्या चाचणीत आणखी एक युक्ती करून पाहा. प्रत्येक उत्तराशेजारी मुलाला लिहू द्या, 'खात्री आहे' किंवा 'अंदाज आहे'. बटरफील्ड आणि मेटकाफ या संशोधकांनी २००१ साली दाखवले, की ज्या चुकीच्या उत्तराबद्दल माणसाला अगदी खात्री वाटत होती, ती चूक दाखवून दिली की अधिक पक्की सुधारते. माणूस चमकतो ना! 'अरे, मला तर पक्के वाटत होते!' असे ज्या ठिकाणी होते, त्या ठिकाणी लक्ष जाते. ही खात्रीची खूण शिक्षकालाही उपयोगी. ज्याने अंदाजाने बरोबर लिहिले त्यालाही तो भाग पुन्हा समजावून द्यायचा आहे, हे त्यावरून कळते.

आता मापाच्या चाचणीकडे वळू. घटक चाचणी, सहामाही, निवड चाचणी. ज्या गुणांवर काही ठरायचे आहे, ती. येथला नियम एकच: वर्गातल्या शेवटच्या मुलाचे लिहून होईपर्यंत उत्तर कुणालाही दिसता कामा नये.

हा नियम शिकायला आपल्याला कुठे लांब जायला नको. पाटीच्या काळात तोंडी हिशेब कसे घेत ते जुन्या मंडळींना विचारा. गुरुजी हिशेब सांगत. मुले मनात करून उत्तर पाटीवर लिहीत आणि लिहिले की पाटी पालथी घालून ठेवीत. मग कुणी शेजाऱ्याचे पाहू शकत नसे, आणि स्वतःचे बदलूही शकत नसे. सगळ्या पाट्या पालथ्या पडल्या, की गुरुजी उत्तर सांगत. मुले पाट्या उलटून पाहत, आणि ज्याचे चुकले त्याला फळ्यावर रीत दाखवली जाई. यात दोन गोष्टी साधत. सर्वांचे लिहून झाल्याखेरीज उत्तर नाही, ही एक. आणि हिशेब डोक्यात ताजा असतानाच उत्तर, ही दुसरी. यंत्रे कितीही नवी येवोत, माझ्या मते सारा शहाणपणा या दोन गोष्टींत आहे. पहिली पाळली आणि दुसरी विसरली तर चाचणी न्यायाची होते, पण कोरडी राहते. दुसरी पाळली आणि पहिली विसरली तर काय होते ते आपण त्या शनिवारच्या चाचणीत पाहिलेच.

आता प्रत्यक्ष मोबाइलवर किंवा संगणकावर हे कसे करावे ते थोडक्यात सांगतो. शिक्षकांनी येथे जरा लक्ष द्यावे.

पुष्कळ शाळांत गूगल फॉर्म्सवर चाचण्या तयार करतात. त्यात फॉर्मला चाचणीचे रूप दिले, की गुण केव्हा जाहीर करायचे असे विचारलेले असते. दोन पर्याय असतात: प्रत्येकाने पाठवल्याबरोबर लगेच, किंवा शिक्षकाने तपासल्यानंतर मागाहून. मापाच्या चाचणीसाठी दुसरा पर्याय घ्या. त्याच्याच खाली मुलांना काय काय दिसावे हेही निवडता येते: चुकलेले प्रश्न, बरोबर उत्तरे, आणि प्रश्नागणिक गुण. या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या आहेत हे ध्यानात घ्या. मागाहून गुण कळवायचे तर प्रत्येक मुलाचा ईमेल पत्ता लागतो. खेड्यातल्या सर्वच मुलांचा तो नसतो. नसला तर अडायचे कारण नाही. पडद्यावर गुणही नकोत आणि उत्तरेही नकोत असे ठरवून त्या तिन्ही खुणा काढून टाका. ठरलेल्या वेळी फॉर्म बंद करा, आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला उत्तरे फळ्यावर सोडवून दाखवा. फळ्याला रेंज लागत नाही!

महाविद्यालयांत आणि काही मोठ्या शाळांत मूडल नावाची व्यवस्था वापरतात. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी ती तयार केली आणि २००२ साली तिची पहिली आवृत्ती निघाली. ती फुकट मिळते. तिच्यात या कामाची फार बारकाईने सोय आहे. वेळेचे चार टप्पे पाडले आहेत: चाचणी चालू असताना, पाठवल्यानंतरची पहिली दोन मिनिटे, त्यानंतर, पण इतरांसाठी चाचणी अजून उघडी असताना, आणि चाचणी सर्वांसाठी बंद झाल्यावर. आता प्रत्येक टप्प्यावर काय दाखवायचे ते शिक्षक ठरवतो. मुलाचे स्वतःचे उत्तर, ते बरोबर की चूक, गुण, खुलासा, आणि खरे उत्तर, या प्रत्येकासमोर वेगळी खूण करता येते. मापाच्या चाचणीत पहिल्या तिन्ही टप्प्यांवर खऱ्या उत्तराची खूण काढा, आणि चौथ्या टप्प्यावर सर्व काही उघडे करा. सरावाच्या चाचणीत दुसऱ्या टप्प्यापासूनच सारे उघडे ठेवले तरी चालेल.

येथे एक बारीक गोम आहे, ती सांगायलाच हवी. काही शिक्षक खरे उत्तर लपवतात, पण कोणता प्रश्न बरोबर आणि कोणता चूक हे मात्र लगेच दाखवतात. त्यांना वाटते, उत्तर तर दिले नाही ना! पण प्रश्न 'चूक की बरोबर' अशा प्रकारचा असेल, तर आपले चुकले हे कळणे म्हणजेच उत्तर कळणे. चार पर्यायांतही एक खोटा गळाला की तीनच उरतात. त्यात चाचणी पुन्हा पुन्हा पाठवायची मुभा असेल, तर मूल चार खेपांत सगळी उत्तरे शोधून काढते, विचार न करता. तेव्हा उत्तर लपवायचे, तर बरोबर-चुकीची खूणही त्याच वेळेपर्यंत लपवा. आणि मापाच्या चाचणीत प्रत्येकाला एकच खेप द्या. गूगल फॉर्म्समध्ये एका विद्यार्थ्याला एकच खेप असे बंधन घालायचे, तर त्याला स्वतःच्या खात्याने आत यावे लागते. ते जमत नसेल, तर निदान प्रश्नांचा आणि पर्यायांचा क्रम प्रत्येकासाठी वेगळा ठेवा. म्हणजे 'पहिल्याचे ब, दुसऱ्याचे ड' एवढा निरोप पुरा पडत नाही.

याने नक्कल साफ थांबेल काय? नाही, आणि तसे मी म्हणतही नाही. दोन मुले एका ओट्यावर बसून चाचणी सोडवत असतील, तर कुठली खूण त्यांना अडवणार? प्रश्नांचे फोटो घेतले जाणार, मोठा भाऊ शेजारी बसणार. कुंपण घातले म्हणून गुरे मुळीच शिरत नाहीत असे नसते. पण कुंपणच नसेल तर शेत राखणे अशक्य. म्हणून ज्या गुणांवर फार मोठे काही ठरायचे असेल, ती परीक्षा घरच्या मोबाइलवर घेऊच नये. ती शाळेत, डोळ्यांदेखत घ्यावी.

उत्तर थोडे थांबवून देण्याचा आणखी एक फायदा आहे, आणि तो शिक्षकांच्या फारसा लक्षात येत नाही. उत्तरसूचीच चुकलेली असू शकते! मोठमोठ्या परीक्षांत हे होते. आपल्याकडे शिष्यवृत्ती परीक्षेनंतर महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते, तिच्यावर आक्षेप मागवते, आणि मगच अंतिम सूची काढते. इंजिनिअरिंगच्या प्रवेशासाठी देशभर होणारी जेईई मेन परीक्षा संगणकावर अनेक दिवस, अनेक पाळ्यांत होते. तिथेही पाळ्या आटोपल्यावर तात्पुरती उत्तरसूची येते. विद्यार्थ्याला स्वतः दिलेली उत्तरे तिच्याशी ताडून पाहता येतात आणि आक्षेप नोंदवता येतो. अलीकडच्या वर्षांत त्यासाठी प्रश्नामागे २०० रुपये शुल्क पडत आले आहे.

आणि इतके करूनही चूक राहू शकते. २०२४ सालची वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा आठवा. ती कागदावर झाली होती, पण गोष्ट उत्तरसूचीचीच आहे. तेवीस लाखांहून अधिक मुले बसली होती. पदार्थविज्ञानातल्या अणूविषयीच्या एका प्रश्नाला दोन उत्तरे बरोबर धरण्यात आली होती. एक नव्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे, आणि दुसरे जुन्या आवृत्तीप्रमाणे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांचे मत मागवले. त्यांनी सांगितले, बरोबर उत्तर एकच आहे. त्याप्रमाणे जुलै महिन्यात निकाल पुन्हा लावला गेला आणि लाखो मुलांचे गुण बदलले. एका प्रश्नाच्या एका उत्तराचे हे सारे परिणाम!

मोठमोठ्या संस्थांचे असे होते, तर रात्री उशिरा जागून, घरची कामे आटोपून प्रश्न तयार करणाऱ्या शिक्षकाच्या हातून एखादी खूण चुकीच्या पर्यायासमोर पडली तर त्यात नवल काय? पण यंत्र ते चुकीचे उत्तर 'बरोबर' म्हणून हिरव्या रंगात दाखवते. पोरे त्यावर विश्वास ठेवतात. खरे लिहिणाऱ्या मुलीला वाटते आपलेच चुकले. म्हणून उत्तरे उघडी करण्याआधी एकदा निकालावर नजर टाका. एखादा प्रश्न वर्गातल्या हुशार मुलांचाही चुकला असेल, तर आधी आपली उत्तरसूची तपासा, मग मुलांना दोष द्या. आणि उत्तरे सांगताना मुलांना मोकळेपणाने म्हणा, 'कुणाला वाटते की हे उत्तर बरोबर नाही, त्याने उभे राहून कारण सांगावे.' आपल्या वर्गात आक्षेपाला दोनशे रुपये पडत नाहीत. कारण सांगण्यासाठी जे मूल पुस्तक पुन्हा उघडते, ते त्या दिवशी सर्वांत अधिक शिकते.

आता आईबापांना दोन शब्द. मुलाने मोबाइल आणून 'मला वीसपैकी वीस मिळाले' म्हणून दाखवले, की आनंद जरूर करा. पण जवळ बसवून विचारा, 'यातला कठीण प्रश्न कोणता होता रे? त्याचे उत्तर तू कसे काढलेस?' तुम्हाला स्वतःला त्या विषयातले काही कळत नसले तरी चालेल. सांगणाऱ्याच्या बोलण्यावरून कळते. ज्याने स्वतः सोडवले आहे तो खुलून सांगतो. ज्याने उतरवले आहे तो चाचरतो. आणि कमी गुण घेऊन आला तर रागावण्याआधी विचारा, 'कुठे चुकले ते पाहिलेस का?' पाहिले असेल, तर त्या चुकीतून काही तरी पदरात पडले. पाहिले नसेल, तर उद्या गुरुजींना विचारायला सांगा. उत्तर मागण्याचा मुलाला हक्क आहे. फक्त ते कोणत्या वेळी मिळावे, हे वर्गाच्या हिताने ठरावे.

घरात एकच मोबाइल असेल तर चाचणीच्या वेळी तो मुलाला थोडा वेळ द्या, आणि शिक्षकांनीही ती वेळ ऐसपैस ठेवावी. आठ ते दहाऐवजी शनिवार संध्याकाळपासून रविवार रात्रीपर्यंत ठेवली, तर वीज गेली, रेंज गेली, वडिलांना यायला उशीर झाला, तरी कुणी मागे राहणार नाही. मात्र वेळ जितकी ऐसपैस, तितके उत्तर थांबवून धरणे अधिक जरुरीचे. या दोन्ही गोष्टी जोडीनेच चालतात. वेळ ऐसपैस आणि उत्तर लगेच, असे केले तर ज्याच्या घरी साधने अधिक त्याचा प्रामाणिकपणा फुकट जातो. वेळ तोकडी आणि उत्तर लगेच, असे केले तर ज्याच्या घरी साधने कमी त्याची संधीच जाते.

मुलांनाही हे आधी मोकळेपणाने सांगावे. 'ही चाचणी सरावाची आहे. सोडवली की उत्तर दिसेल, चुकलात तर पुन्हा करा, कुणी गुण विचारणार नाही.' किंवा, 'ही चाचणी गुणांची आहे. रविवारी रात्री बंद होईल, सोमवारी पहिल्या तासाला उत्तरे मिळतील.' आधी सांगितले की मुलाला लपवाछपवी वाटत नाही. उत्तर हातचे राखून आपण मुलांवर अविश्वास दाखवतो असे काहींना वाटते. पण तसे नाही. पेरणी झाल्यावर शेतकरी बियाणे उकरून पाहत नाही, ते काही मातीवर विश्वास नाही म्हणून नव्हे. रुजायला लागतो तेवढा वेळ तो देतो. उत्तराचेही तसेच आहे. मुलाच्या डोक्यात प्रश्न रुजायला जेवढा वेळ लागतो तेवढा द्यावा. आणि तो संपला की हात आखडता घेऊ नये.

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, पुढच्या वेळी चाचणी तयार कराल तेव्हा प्रश्न लिहून झाले म्हणजे काम संपले असे समजू नका. शेवटच्या एका खुणेपाशी क्षणभर थांबा. वर्गातले सर्वांत उशिरा मोबाइल हाती येणारे मूल कोणते, त्याचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. त्याचे लिहून होईपर्यंत उत्तर कुणाला दिसू नये, आणि त्याचे लिहून झाल्यावर उत्तर कुणापासून राहू नये. एवढे पाळले, तर मोबाइलवरची चाचणी ही नुसती आकड्यांची यादी राहणार नाही, ती शिकवण्याचाच एक भाग होईल.